सवयीचा दुष्काळ

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादी मोबाइलवर फिरत आली तेव्हा माणदेशातल्या, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातल्या, लोकांनी ती वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचली. सातारा जिल्ह्यातले वाई आणि खंडाळा त्यात होते. माण आणि खटाव नव्हते. सांगलीतला शिराळा होता; जत आणि आटपाडी नव्हते. शिराळा म्हणजे वारणेचं खोरं, भातशेतीचा मुलूख, पश्चिम टोकाला चांदोलीचं जंगल. आणि सांगलीचा दुष्काळी पट्टा म्हटलं की पहिल्यांदा तोंडात येतात ती नावं जत आणि आटपाडीची.

माझं गाव माण तालुक्यात आहे, मी पुण्यात नोकरी करते. त्या रात्री नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन आला. ‘आपल्या तालुक्याचं नाव का न्हाय गं? तू जरा नीट वाचून बघ की.’ नाव नव्हतंच, पण ते ‘नीट वाचून बघ’ माझ्या डोक्यात राहिलं.

गावात तोवर यादीचे तीन-चार अर्थ लावून झाले होते. पारावर राजकारणाचा अर्थ लागला: कुणाचा आमदार कुठल्या बाजूला, कुणाचं वजन किती. सोसायटीच्या कट्ट्यावर म्हणत होते की खालून वर माहितीच नीट गेली नसणार. कॉलेजच्या पोरांचा रोख उपग्रहावर होता: वरून बाभळी आणि रानगवत हिरवं दिसलं असेल, तेच पीक म्हणून मोजलं गेलं. प्रत्येक जण ज्यात पोळला होता त्यातून बोलत होता, त्यामुळे कुणाचंच म्हणणं मला उडवून लावावंसं वाटलं नाही. पण निकष वाचत गेले तसं एक वेगळंच लक्षात यायला लागलं. कुणी राजकारण केलं नसतं, माहिती वेळेवर आणि प्रामाणिकपणे गेली असती, उपग्रहालाही पीक आणि गवत चोख ओळखता आलं असतं, तरीही माण तालुका त्या यादीबाहेर राहू शकला असता.

आमच्या लहानपणी दुष्काळ पैसेवारीने ठरायचा. त्याच्याही आधी आणेवारी होती, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले, रीत तीच राहिली. प्रमाण उत्पन्न शंभर पैसे धरायचं आणि यंदाचं पीक त्यातलं किती पैसे ते सांगायचं. पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईग्रस्त. सप्टेंबरअखेर नजर अंदाज पैसेवारी, ऑक्टोबरात सुधारित, मग डिसेंबरच्या सुमाराला अंतिम. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि एखाद-दुसरा शेतकरी अशी मंडळी शिवारात फिरून आकडा ठरवत.

आणि त्या आकड्यामागे बरंच काही बांधलेलं असे. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, रोजगार हमीच्या निकषांत ढिलाई, पोरांची परीक्षा फी माफ. मी बारावीला असताना माझी परीक्षा फी माफ झाली आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला ती भरावी लागली, कारण तिच्या गावची पैसेवारी त्रेपन्न आली होती. तिचं गाव ओढ्यापलीकडे, आमचं अलीकडे, आणि ओढ्याला दोन्ही अंगांनी तेव्हा थेंब नव्हता. तिच्या आईने फीचे पैसे कोंबड्या विकून उभे केले. पन्नासच्या अलीकडे अठ्ठेचाळीस आणि पलीकडे त्रेपन्न, हा फरक बाजरीच्या कणसात दिसत नाही. पण शिवारात फिरणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा लिहिताना पुढचं सगळं दिसत असतं. सरपंचाला गावची वीजबिलं दिसतात, वरच्या कचेरीला तिजोरी दिसते. पीक वाचावं तितक्याच बारकाईने त्या आकड्याचे परिणाम वाचले जातात आणि मग तो लिहिला जातो. ही मंडळी खोटारडी होती असं मला कधी वाटलं नाही. डोळ्यांनी अंदाज करायचा म्हटलं की पाहणाऱ्याची गरज त्यात उतरणारच.

म्हणून केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी राज्याने ती स्वीकारली, तेव्हा तिच्यामागचा विचार मला पटला होता. आधी पाऊस: सरासरीच्या मानाने तूट किती, मध्ये खंड किती दिवसांचा. मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, जमिनीतला ओलावा, धरणांतला साठा, भूजल. शेवटी तालुक्यातल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन सत्यमापन. पिकाची हानी ३३ ते ५० टक्के असेल तर मध्यम दुष्काळ, ५० च्या वर गेली तर गंभीर. २०१८ मध्ये याच रीतीने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यातले ११२ गंभीर होते. कुणाच्या डोळ्यांवर, कुणाच्या वजनावर अवलंबून राहायचं नाही, ही तिच्यातली ओढ रास्त आहे.

आता त्या ‘सरासरीच्या मानाने’ कडे जरा थांबून बघू. समजा, एका तालुक्याची पावसाळ्याची सरासरी ९०० मिलिमीटर आहे आणि यंदा तिथे ६०० पडला. तूट ३३ टक्के. शेजारच्या तालुक्याची सरासरी ४५० आहे आणि तिथे ३८० पडला. तूट साधारण १६ टक्के. हवामान खात्याच्या भाषेत सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी पाऊस ‘सामान्य’ गणला जातो. म्हणजे ६०० मिलिमीटरवाला तालुका तुटीत आणि ३८० वाला ठीकठाक. गणितात कुठे चूक नाही. पहिल्या तालुक्यातल्या भाताचं खरोखर नुकसान झालेलं असतं, तिथल्या शेतकऱ्याचं रडगाणं खोटं नसतं, वाई-शिराळ्याच्या माणसांशी माझं भांडण नाही. पण दुसऱ्या तालुक्याला यंदा जे मिळालं ते त्याला दरसाल मिळतं जवळपास तेवढंच, एवढ्यावर त्याची गणना ‘सामान्य’त होते. दरसाल जे मिळतं ते पुरतं का, हा प्रश्न त्या गणितात कुठेच विचारलेला नाही.

उपग्रहाचंही तेच. वनस्पतींच्या स्थितीचा जो निर्देशांक वापरतात त्यात एखाद्या जागेची आजची हिरवळ त्याच जागेच्या गेल्या अनेक वर्षांतल्या सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त हिरवळीच्या मध्ये कुठे बसते ते पाहतात. जमिनीची तुलना तिच्या स्वतःच्याच भूतकाळाशी. ज्या माळाने हिरवं असं कधी फार पाहिलंच नाही, तो माळ थोडक्या कुसळी गवतावरही बऱ्यापैकी गुण मिळवून जातो. २०२३ च्या यादीत कुठल्या तालुक्याला नेमका कुठला निकष आडवा आला याचा प्रत्येकाचा हिशोब वेगळा असेल, निकष पुष्कळ होते. पण त्यांच्या मुळाशी असलेली वाचण्याची रीत ही अशी आहे: प्रत्येकाला त्याच्या सवयीशी ताडून बघायचं.

ही रीत एकदा दिसली की मग ती सगळीकडे दिसायला लागते. पीकविमा घ्या. विम्यात ‘उंबरठा उत्पादन’ असतं. गेल्या सात वर्षांतली उत्तम पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे सत्तर टक्क्यांनी, गुणायचं. यंदाचं महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पादन त्या उंबरठ्याच्या खाली गेलं तर भरपाई.

हे उत्पादन मोजण्यासाठीचा पीक कापणी प्रयोग नानांच्या रानात झाला तेव्हा मी गावी होते. बाजरी उभी होती, कणसं बोटाएवढी, मधेच पोचट. कृषी सहायक ताई, कोतवाल आणि विमा कंपनीचा एक पोरगा आले होते. तक्त्यातल्या आकड्यानुसार बांधाच्या कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीत, इतकी रुंदीत चालून त्यांनी पहिली खुंटी ठोकली. तिथून टेप धरून दहा मीटर बाय पाच मीटरचा कप्पा आखला, दोरी ताणली, कर्ण मोजून कोपरा काटकोनात आहे याची खात्री केली. जवळपास अर्धा गुंठा. मग खरी ओढाताण सुरू झाली ती दोरीवर. एक ताट बुंध्याशी बाहेर आणि कणसाने आत झुकलेलं. कोतवाल म्हणाला घ्या आत, नाना म्हणाले ते माझं बाहेरचं हाय. ताई खाली बसल्या, माती बाजूला केली, मूळ कुठे आहे ते बघितलं आणि म्हणाल्या, ‘मूळ बाहेर, ताट बाहेर.’ दोरीच्या चारी बाजूंनी त्या अशाच बसत उठत गेल्या. कणसं खुडली, ताडपत्रीवर बडवली, उफणली. वजन भरलं सव्वादोन किलो. मोबाइलमध्ये फोटो गेला, अक्षांश-रेखांश गेले. पन्नास चौरस मीटरला सव्वादोन किलो, म्हणजे हेक्टरी साडेचार क्विंटल.

आता समजा, एका मंडळात सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी ९.२ क्विंटल आहे. उंबरठा झाला ६.४४. साडेचार क्विंटलला तिथल्या शेतकऱ्याला विमा रकमेच्या तीस टक्के भरपाई मिळेल. दुसऱ्या मंडळात वर्षामागून वर्षं कोरडी गेली, उत्तम पाचांची सरासरीच ६.२ आहे. उंबरठा ४.३४. तिथेही साडेचार क्विंटलच पिकलं, पण ते उंबरठ्याच्या वर आहे, भरपाई शून्य. बाजरी तेवढीच, तिच्यावर जगणारी तोंडं तेवढीच. दुसऱ्या मंडळाला पैसे मिळत नाहीत कारण त्याच्यावर ही वेळ आधीही वारंवार आली. सत्तर टक्के, सात वर्षं, उत्तम पाच, हे सगळं विचार करून ठरवलेलं आहे. उत्तम पाचच घेण्यामागे वाईट वर्षं वगळावीत असाच हेतू आहे. पण वाईट वर्षं दोनच येतात हे कुणी सांगितलं?

दोरीवर बसून मूळ शोधणाऱ्या त्या ताईंना बघताना मला पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवत होते. आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेला हा माणूस जगातल्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांपैकी एक. पीक कापणीचा कप्पा केवढा असावा यावर १९४० च्या दशकात त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस बंगालात लहान गोल कप्पे कापत होते: काम स्वस्त, झटपट, आणि पुष्कळ ठिकाणी करता येणारं. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान कप्प्याने उत्पादन फुगतं. कप्पा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी, आणि कडेवरचं ताट कापणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढलं जातं. कुणी लबाडी न करताही आकडा एकाच दिशेला कलतो. आज आपण मोठा चौकोनी कप्पा आखतो तो त्याच धाटणीचा. दोरीवरच्या एका ताटाचा इतका विचार करणारं मन मला फार मोठं वाटतं.

पुढे ते रोमला अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले आणि सत्तरच्या दशकात पुण्यात परतले. इथे त्यांचा दुसरा मोठा वाद झाला, तो अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला होता. माणशी रोज २२५० उष्मांक, म्हणजे कॅलरी, मिळतील एवढा खर्च हा किमान धरला. १९६०-६१ च्या किमतींना तो खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होता. त्याखाली खेड्यातली ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसं होती. सुखात्म्यांनी याच जातीची आकडेवारी घेतली आणि म्हटलं, उपाशी इतके नाहीत. माणसाची गरज म्हणजे एक ठरीव आकडा नसतो. एकाच माणसाचं खाणं आठवड्या-आठवड्याला बदलतं, आणि शरीर एका मर्यादेत आपला खर्च कमीजास्त करून तोल सांभाळतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा जरा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानू नका, त्या मर्यादेच्याही खाली जो जातो तोच मोजा. दांडेकर गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, सुखात्मे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, दोन्ही संस्था एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आकडे तेच आणि देशातल्या भुकेल्यांची संख्या दोन ठिकाणी दोन.

सुखात्म्यांना गरिबांचं दुःख कळत नव्हतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जगभर ‘प्रथिनांची तूट’ असा गजर चालला होता तेव्हा खरी तूट प्रथिनांची नसून एकूण अन्नाची आहे हे त्यांनीच ठासून सांगितलं. घाण पाणी आणि जंत यांमुळे खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही, हेही ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आणि शरीर जुळवून घेतं हे तर मी घरात पाहिलं आहे.

माझी आजी बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, यांवर घर तगलं. पुढे बरे दिवस आले, तरी ती सगळ्यांत शेवटी जेवायची. हुलग्याचं माडगं वाटीभर, त्यात अर्धी भाकरी कुस्करलेली. ‘अजून घे’ म्हटलं की म्हणायची, ‘पोट भरलं माझं.’ ती खोटं बोलत नव्हती. तिचं पोट तेवढ्यात भरत होतं. राष्ट्रीय नमुना पाहणीत काही फेऱ्यांमध्ये घरोघरी विचारलं जायचं, घरातल्या सगळ्यांना वर्षभर दोन वेळचं पुरेसं जेवण मिळतं का? बहुतेक कुटुंबांनी हो म्हणून सांगितलं. माझ्या आजीनेही तेच सांगितलं असतं. या उत्तराचा मान राखायचा की त्याच्यापलीकडे बघायचं, हे मला आजही सोपं वाटत नाही. तिच्या ‘पोट भरलं’ ला मी अपुरं म्हणायचं, म्हणजे तिच्या पोटाबद्दल तिच्याहून मला जास्त कळतं असा दावा करायचा. आणि ते तसंच घ्यायचं, तर तिची उंची, तिची वाकलेली हाडं, चाळिशीत गेलेले दात यांना कुठल्या रकान्यात घालायचं?

दांडेकरांचा आणि त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांचा एक मुद्दा मला इथे निर्णायक वाटतो. शरीराच्या गरजेतला फरक जर निसर्गाचा असेल तर तो सगळ्या थरांत सारखा पसरलेला दिसायला हवा, श्रीमंतांतही कमी खाणारे तितकेच हवेत. प्रत्यक्षात खर्चाच्या पायरीगणिक उष्मांक वाढत जातात. गरिबांनाच कमी भूक लागते असा काही निसर्गनियम नाही. जुळवून घेणं खरं आहे, पण ते नेमकं गरिबांच्याच वाट्याला आलेलं आहे, आणि त्याची किंमत त्यांनी शरीराने मोजलेली आहे.

गावाचंही असंच होतं. आम्ही ऊस लावत नाही, बाजरी, मटकी, हुलगा पेरतो, म्हणून पीक पूर्ण हातचं गेलं असं क्वचितच दिसतं. मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेकडे जातात, म्हणून चाऱ्याची मागणी कागदावर कमी दिसते. घरटी एक पोरगा मुंबईत माथाडी कामगार म्हणून जातो, म्हणून पाण्याचे हंडे कमी लागतात. माणदेशाने जगण्यासाठी जे जे केलं ते सगळं मिळून त्याची सरासरी झाली आहे, आणि तिच्याशी ताडून त्याला सांगितलं जातं की यंदा विशेष काही घडलेलं नाही.

नोव्हेंबरात सरकारने आणखी एक निर्णय घेतला. यादीबाहेरच्या तालुक्यांतल्या सुमारे हजार महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. तिचा निकष दुहेरी होता: पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरहून कमी. त्यातला दुसरा भाग वाचून मला फार बरं वाटलं. कुणाची सवय काय आहे ते बाजूला ठेवून एकदा तरी विचारलं गेलं होतं की एकूण पडला किती. अर्थात पहिली अट होतीच, दोन्हींत बसावं लागत होतं.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी नानांनी मला ठरावाचा मसुदा करायला सांगितला. मी तीन रकाने आखून पाठवले: सरासरी किती, पडला किती, लागतो किती. विमा आणि दुष्काळ दोन्ही ठरवताना तिसरा रकाना बघावा, आणि लागोपाठ वाईट वर्षं आली तर उंबरठा खाली उतरू देऊ नये, अशी मागणी लिहिली. पहिले दोन रकाने मंडळाच्या पर्जन्यमापकावरून पाच मिनिटांत भरले. तिसऱ्यावर सभा अडली. एकजण म्हणाला, बाजरीला चारशे बास. दुसरा म्हणाला, बाजरी निघंल, विहिरीला काय? रब्बीच्या शाळूचं काय? मेंढक्यांनी विचारलं, कुरणाचा पाऊस धरला का. मागे बसलेल्या बायकांतून एकजण उठली आणि म्हणाली, आमी उन्हाळ्यात टँकरम्होरं रांगंत उभं ऱ्हातो, ते बंद व्हायला किती पाऊस लागंल तेवढा लिवा. ग्रामसेवकांनी तिचा मुद्दा वेगळ्या ओळीत लिहून घेतला. आकडा ठरला नाही. रकाना मोकळा ठेवून, खाली ही सगळी म्हणणी जशीच्या तशी जोडून ठराव दहिवडीला तहसील कचेरीत गेला. नानांचं म्हणणं आहे की पुढच्या सभेत फक्त त्याच रकान्यावर बोलायचं, आणि मेंढरं पश्चिमेकडं जायच्या आत सभा घ्यायची.